परतीची वाट : आतिथ्य आणि राजनय यांच्या अभ्यासाची प्रस्तावना

घरी आलेल्या परक्या माणसाचे स्वागत समाज कसे करतो, हा एक विषय. राज्ये एकमेकांचे दूत कसे स्वीकारतात आणि तह कसे घडवतात, हा दुसरा. आपल्याकडे हे दोन विषय शिकणारे विद्यार्थी सहसा एकमेकांना भेटत नाहीत. पहिल्या विषयाचे अभ्यासक रूढी, ओव्या, अतिथिधर्म, पंगतीचे नियम यांचा माग काढतात. दुसऱ्याचे अभ्यासक तहाची कलमे, वकिलांची पत्रे आणि आंतरराष्ट्रीय कायदा वाचतात. या दोघांना एका ठिकाणी बसवावे, या इच्छेने ही प्रस्तावना लिहिली आहे. परक्याला आपल्या हद्दीत घ्यायचे, त्याच्या जिवाची आणि मानाची जबाबदारी उचलायची, आणि तरीही घर आपलेच ठेवायचे, हे कोडे यजमानिणीला पडते तसेच राजालाही पडते.

‘त्यांचे दार सदैव उघडे असते’ हे वाक्य आपण कौतुकाने बोलतो, घराबद्दल बोलतो आणि देशाबद्दलही. माझे म्हणणे असे की या कौतुकात आपण दाराकडे एकाच दिशेने पाहतो, आत येणाऱ्याच्या. आलेल्याला हवे तेव्हा, मानाने, सुखरूप परत जाता येते का, हा प्रश्न मागे राहतो. आतिथ्याची आणि राजनयाची खरी परीक्षा मात्र तिथेच होते. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने हा एक प्रश्न जवळ ठेवला, तर अनेक जुने प्रसंग वेगळ्या प्रकाशात दिसू लागतात.

आपल्या परिचयाच्या कृष्णशिष्टाईपासूनच सुरुवात करू. उद्योगपर्वातल्या या भागात तहाच्या बोलण्यांइतकीच चर्चा पाहुणचाराची आहे, याकडे फारसे लक्ष जात नाही. कृष्ण हस्तिनापुराला निघाल्याची वार्ता येताच वाटेवर त्याच्यासाठी विश्रामाच्या सभा उभारल्या जातात. वृकस्थलाची सभा तर विशेष थाटाची. कृष्ण त्यांच्याकडे पाहतही नाही, पुढे निघून जातो. इकडे धृतराष्ट्र भेटींची यादी करत बसलेला असतो आणि विदुर त्याला स्पष्ट बजावतो की हा पाहुणा ज्या कामासाठी येतो आहे ते काम द्या; भेटी देऊन त्याला पांडवांपासून फोडता येणार नाही. नगरात आल्यावर दुर्योधन जेवणाचे आमंत्रण देतो. कृष्ण नाकारतो आणि कारणही सांगतो: दूताने जेवायचे ते काम सिद्धीस गेल्यावर. शिवाय दुसऱ्याचे अन्न माणूस प्रेमापोटी खातो किंवा अडचणीपोटी. इथे दोन्ही नाही. मग तो विदुराकडे उतरतो. दुसऱ्या दिवशी बोलणी फिसकटल्यावर दुर्योधन त्याला बांधून ठेवण्याचा बेत करतो. ज्या यजमानाने वाटेवर सभा उभारल्या, त्याच्याच मनात पाहुण्याला कोंडण्याचा विचार पहिल्यापासून होता. वृकस्थलाच्या सभेकडे पाठ फिरवणाऱ्या दूताला हे आधीच उमगले होते, असे मी या प्रसंगाचे वाचन करतो.

कौटिल्याने हीच गोष्ट शास्त्र म्हणून मांडली. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात दूतावर एक स्वतंत्र अध्याय आहे. दूत राजाचे मुख असतो, म्हणून तो अवध्य, हे त्यातले तत्त्व सर्वांना ठाऊक असते. त्याच्या पुढचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो. दूताने निरोप मिळेपर्यंत राहावे, पण झालेल्या सत्काराने फुलून जाऊ नये, मद्य आणि स्त्रिया टाळाव्यात, एकट्याने झोपावे. आणि यजमान जाऊ देत नसेल तर त्याने बसून विचार करावा: हा मला का थांबवतो आहे? माझ्या धन्यावर संकट येण्याची वाट पाहतो आहे का? स्वतःची सैन्याची तयारी पुरी करायची आहे का? कारणांची ही यादी चांगली लांब आहे. त्या विचारातून राहणे हिताचे वाटले तर राहावे, नाहीतर परवानगीवाचून निघावे. आदरसत्कार आणि अडकवून ठेवणे यांमधली सीमा किती पुसट असते, हे इतक्या थंडपणे सांगणारे दुसरे प्राचीन लेखन मला माहीत नाही.

ग्रीकांकडे हाच विचार कथेच्या अंगाने येतो. ओडिसी हे महाकाव्य चांगल्या-वाईट यजमानांची जणू मालिकाच आहे. गुहेच्या तोंडावर शिळा लोटून पाहुण्यांना खाणारा पॉलिफीमस सर्वांना आठवतो. कॅलिप्सो मात्र ओडिसियसला प्रेमाने, सुखात, सात वर्षे ठेवते. आणि तरीही तो किनाऱ्यावर बसून रडतो. पंधराव्या सर्गात मेनेलाउस तरुण टेलेमाकसला सांगतो की जायला नको म्हणणाऱ्या पाहुण्याला घालवणे आणि जायची घाई असलेल्याला अडवणे, हे दोन्ही सारखेच चूक. मग त्याला जेवू घालून, भेटी देऊन, वाटेला लावतो. ही दुहेरी अट पुढे आपल्याला लागणार आहे.

आता मराठ्यांच्या इतिहासातली एक जोडी पाहू. आग्रा १६६६ आणि रायगड १६७४. आठ वर्षांच्या अंतराने शिवाजी महाराज एकदा पाहुणे होते आणि एकदा यजमान.

आग्ऱ्याला ते गेले ते पुरंदरच्या तहानंतर, मिर्झाराजे जयसिंगांच्या शब्दावर. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात त्यांना मनसबदारांच्या मागच्या रांगेत उभे केले गेले आणि त्यांनी तिथेच संताप व्यक्त केला, हे आपण शाळेपासून वाचत आलो आहोत. अभ्यासकाने थांबायचे ते त्यानंतरच्या तीन महिन्यांपाशी. जयपूर दरबाराच्या आग्ऱ्यातल्या माणसांनी राजस्थानीत लिहिलेली पत्रे उपलब्ध आहेत आणि त्यांतून एका पाहुण्याचा कैदी कसा होत गेला ते जवळजवळ रोजच्या रोज दिसते. जयसिंगांचा मुलगा रामसिंग याच्याकडून जामीन लिहून घेतला जातो. मुक्कामाभोवती फुलादखानाचे पहारे बसतात. बरोबरच्या माणसांना परत जाण्याचे परवाने मिळतात, पण महाराजांना मिळत नाही. बादशहाने ‘कैद’ हा शब्द उच्चारण्याची गरजच नव्हती. निरोप दिला नाही, एवढे पुरेसे होते. आणि सुटकेची वाट निघाली ती आतिथ्याच्याच एका चालीतून. आजारपणाच्या निमित्ताने साधू-फकिरांना वाटायला मिठाईचे पेटारे रोज बाहेर जाऊ लागले. आत येणारी माणसे तपासायची असतात. बाहेर जाणारे दान कोण किती दिवस तपासणार? १७ ऑगस्टला महाराज निसटले. कौटिल्याच्या अध्यायातला शेवटचा पर्याय असा प्रत्यक्षात आला.

रायगडाची हकीकत इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडेनच्या टिपणांत आहे. इंग्रजांचा आणि महाराजांचा पूर्वसंबंध बरा नव्हता. पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला दारूगोळ्याची मदत केली, म्हणून १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली आणि तिथले इंग्रज कैदेत पडले. त्याच कंपनीचा माणूस १६७४ च्या मे महिन्यात वाटाघाटीसाठी आला. आधी खाली पाचाडला थांबला, मग गडावर गेला. राहायला घर मिळाले. ६ जूनला राज्याभिषेकाच्या दरबारात तो दूर उभा राहिला आणि त्याचा दुभाषा नारायण शेणवी याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी महाराजांना दिसेल अशी वर धरली. महाराजांनी त्यांना सिंहासनाजवळ बोलावले आणि वस्त्रे दिली. परतताना राजवाड्याच्या दाराशी हत्ती आणि उमदे घोडे उभे दिसले. इतक्या अवघड वाटेने हत्ती वर आणले तरी कसे, याचे ऑक्झेंडेनला नवल वाटले. काही दिवसांतच करारावर शिक्का झाला, राजापूरच्या भरपाईचाही निकाल लागला, आणि वकील मुंबईला परतला.

या भेटीतला एक बारकावा जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याने नोंदवून ठेवला आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गडावरचे नेहमीचे जेवण म्हणजे डाळतांदळाची खिचडी आणि तूप. इंग्रजांना मांसावाचून चालेना, म्हणून त्यांच्यासाठी बकऱ्याच्या मांसाची सोय झाली. ते पुरवणारा म्हातारा खाटीक एक दिवस मुद्दाम गड चढून वर आला. इतकी वर्षे विकले नव्हते तेवढे मांस या थोड्या दिवसांत खाणारी माणसे दिसतात तरी कशी, हे त्याला डोळ्यांनी पाहायचे होते! करारात या म्हाताऱ्याचे नाव नाही आणि कुठेच नाही. पण पाहुण्याच्या अन्नाची चाल यजमानाने सांभाळली, हे त्या करारामागचे वास्तव त्याच्या चढणीतून कळते. राजनयाचा इतिहास लिहिणाऱ्याला मुदपाकखान्यात शिरावेच लागते, ते यासाठी.

इथे एक इशारा द्यायला हवा. आपल्या आतिथ्याच्या परंपरेचे गोडवे गाताना ही परंपरा कोणासाठी होती, हा प्रश्न टाळण्याची सवय अभ्यासकाने सोडली पाहिजे. शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा पाहा. प्रचंड फळ्या, हत्तीने धडक देऊ नये म्हणून त्याच्या कपाळाच्या उंचीवर बसवलेले लोखंडी खिळे, आणि एका फळीत कापलेली लहानशी दिंडी, जिच्यातून माणूस वाकूनच आत जाईल. संपूर्ण उघडणारे दार, दिंडी आणि बंद फळी अशा तिन्ही स्थिती एकाच चौकटीत आहेत. घरांचेही तसेच होते. कोणी ओट्यावर, कोणी ओसरीत, कोणी माजघरापर्यंत. आणि ज्यांना ओट्याचीही पायरी चढू दिली जात नसे अशी माणसे गावोगाव होती. गूळपाणी कोणाच्या हातात दिले जाई आणि कोणाला वरून ओतले जाई, हे सांगितल्याशिवाय गूळपाण्याचे वर्णन खरे होत नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात १९१७ मधला बडोद्याचा अनुभव लिहिला आहे. परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेला हा तरुण बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू होतो आणि त्याला राहायला जागा मिळत नाही. एका पारशी उतारागृहात पारशी नाव नोंदवून तो कसाबसा राहतो. काही दिवसांनी लाठ्या घेतलेला जमाव येऊन त्याला बाहेर काढतो. ओळखीच्या घरी विचारून पाहिले तर तिथेही सोय होत नाही. शेवटी सार्वजनिक बागेत बसून वेळ काढायचा आणि रात्रीची गाडी पकडून मुंबईला परतायचे. या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने हे लेखन सुरुवातीलाच वाचावे, असा माझा आग्रह आहे. आपल्याच देशात एका माणसाला प्रवेशाचा परवाना मागत हिंडावे लागले आणि तोही मिळाला नाही. आतिथ्याच्या कोणत्याही सिद्धान्ताला या पानांपुढे उभे राहता आले पाहिजे.

युरोपातल्या तत्त्वचिंतनाचा धागाही इथे जोडायचा तो या प्रश्नानेच. इमॅन्युएल कांट यांनी १७९५ मध्ये चिरंतन शांततेवर जो निबंध लिहिला, त्यात परक्याच्या हक्काला एक मर्यादा घालून दिली: त्याला भेटीचा हक्क आहे, त्याच्याशी शत्रूसारखे वागू नये, पण पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क त्याला आपोआप मिळत नाही. ही मर्यादा अनेकांना कंजूष वाटते. ती कशासाठी घातली हे पाहिले की मत बदलते. कांट यांच्या डोळ्यांसमोर व्यापाराच्या नावाने जाऊन देश गिळणारे युरोपीय होते, आणि चीन-जपानने त्यांच्याबाबत सावधगिरी बाळगली ती शहाणपणाची, असे त्यांनी लिहिले. नागासाकीच्या बंदरात देजिमा हे कृत्रिम बेट होते. १६४१ पासून दोन शतकांहून अधिक काळ डच व्यापाऱ्यांना तेवढ्याच जागेत राहावे लागले, आणि शहराशी जोडणारा एकच पूल होता, त्यावर पहारा. हे दार अरुंद होते, पण ते कोणाच्या हातात आहे याबद्दल संदेह नव्हता.

याच्या उलट टोकाला १८९९ चे अमेरिकेचे ‘ओपन डोअर’ धोरण. परराष्ट्रमंत्री जॉन हे यांनी ब्रिटन, जर्मनी, रशिया, फ्रान्स, इटली आणि जपान यांना टिपणे पाठवली की चीनमधल्या व्यापाराची संधी सर्वांना सारखी असावी. चीनला मात्र कोणी विचारले नाही. दार चीनचे, ते उघडे ठेवण्याची बोलणी सहा बाहेरच्यांशी. त्याआधीच १८४२ च्या नानकिंगच्या तहाने पाच बंदरे बळाने उघडून घेतलेली होती, आणि त्या युद्धामागे जी अफू होती तिचा मोठा भाग माळव्यातून येऊन मुंबई बंदरातून चीनला जात असे. जमशेटजी जिजीभॉय यांच्यासारख्या मुंबईच्या दानशूर व्यापाऱ्यांच्या संपत्तीत या व्यापाराचा मोठा वाटा होता. म्हणजे हा धडा आपल्यापासून दूरच्या देशाचा नाही. उघड्या दाराची स्तुती ऐकताना ते आतल्याने उघडले की बाहेरच्याने, हे विचारण्याची सवय लावून घ्यावी.

आधुनिक कायद्यात हे सारे १८ एप्रिल १९६१ च्या व्हिएन्ना करारात गोळा झाले. त्याचे २२ वे कलम प्रसिद्ध आहे: वकिलातीच्या जागेत यजमान देशाच्या माणसांना वकिलातप्रमुखाच्या संमतीशिवाय पाऊल टाकता येत नाही. विद्यार्थी बहुधा इथे थांबतात. त्यांनी ४४ व्या कलमापर्यंत जावे. दोन देशांत युद्ध पेटले तरी यजमानाने परक्या दूताला आणि त्याच्या कुटुंबाला शक्य तितक्या लवकर निघून जाण्याची सोय करून दिली पाहिजे, गरज पडल्यास वाहनही पुरवले पाहिजे, असे ते सांगते. आग्ऱ्याचा प्रसंग डोळ्यांपुढे ठेवून हे कलम वाचले की त्यातल्या रुक्ष वाक्यांना वजन येते. ४ नोव्हेंबर १९७९ ला तेहरानमध्ये अमेरिकेच्या वकिलातीचा ताबा घेतला गेला आणि ५२ माणसे ४४४ दिवस अडकून राहिली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९८० मध्ये इराणविरुद्ध निकाल दिला, तरी सुटका व्हायला पुढचे वर्ष उजाडले.

प्रागमधला १९८९ चा प्रसंग आणखी गुंतागुंतीचा. पूर्व जर्मनीचे नागरिक पश्चिम जर्मनीच्या वकिलातीच्या बागेच्या कुंपणावरून आत उड्या टाकू लागले. सप्टेंबरअखेर त्या जुन्या राजवाड्यात आणि बागेतल्या चिखलात सुमारे ४,००० माणसे होती, लहान मुलांसह. आत ते सुरक्षित होते. बाहेर पडता येत नव्हते. ३० सप्टेंबरच्या संध्याकाळी परराष्ट्रमंत्री हान्स-डीट्रिख गेन्शर सज्जात आले आणि त्यांनी प्रस्थानाची परवानगी मिळाल्याचे सांगायला सुरुवात केली. पुढचे वाक्य जल्लोषात ऐकूच गेले नाही. पण पूर्व जर्मनीने अट घातली होती: गाड्या आमच्याच भूमीवरून गेल्या पाहिजेत, म्हणजे या माणसांना आम्ही बाहेर जाऊ दिले असे होईल. निरोप देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे, हे दाखवण्याची राज्याला किती गरज असते, ते या एका अटीत दिसते.

माझ्या प्रश्नालाही एका ठिकाणी मोठी अडचण येते आणि ती कोल्हापूरजवळच आहे. १९४३ ते १९४८ या काळात वळिवडे इथे सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची वसाहत होती, बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सायबेरिया आणि मध्य आशियात नेले होते. तिथून इराणमार्गे ते इथवर आले. वळिवड्याला त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. गुजरातमध्ये नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला, त्याची आठवण पोलंडमध्ये आजही आदराने काढली जाते. वळिवडेही विसरले गेलेले नाही. पण युद्ध संपल्यावर या माणसांना जायचे कुठे? ज्या पोलंडमधून ते आले तो नकाशावर सरकला होता, अनेकांची गावे सोव्हिएत हद्दीत गेली होती. दार बाहेरून बंद झाले होते. अशा पाहुण्यासाठी परतीची मोकळीक हा यजमानाच्या सौजन्याचा पुरावा ठरत नाही. उलट ‘आता जा’ असे न म्हणणे हाच त्याचा धर्म ठरतो. मेनेलाउसच्या अटीची दुसरी बाजू ती हीच. १९५१ च्या निर्वासित कराराच्या ३३ व्या कलमाने तिला कायद्याचे रूप दिले: जिथे जिवाला धोका आहे तिथे कोणाला परत लोटू नये. भारताने या करारावर सही केलेली नाही, आणि वळिवड्याचा अनुभव गाठीशी असलेल्या देशाने ती का केली नाही, यावर मराठीत गंभीर अभ्यास व्हायला हवा, असे मला मनापासून वाटते.

कामाला कुठून लागावे, असे नवा विद्यार्थी विचारतो. माझे उत्तर ठरलेले आहे: मोडी शिका. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातल्या निवडक कागदांचे ४५ खंड १९३० च्या दशकात प्रसिद्ध केले आणि जदुनाथ सरकारांच्या साथीने पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहारही छापून काढला. १७८६ मध्ये पुण्यात आलेला चार्ल्स मॅलेट आणि त्याच्यानंतरचे रेसिडेंट यांच्या बाजूची कथा त्यातून नीट कळते. संगमावरच्या त्या वकिलातीला नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीच्या लढाईच्या दिवशी आग लागली, तिथवरची. पण यजमानाच्या बाजूचे रोजचे हिशेब, कोणत्या वकिलाला शिधा किती गेला, कोणाला जाताना कोणती वस्त्रे दिली, कोणाच्या दस्तकाला किती दिवस लावले, हे पुण्याच्या पुराभिलेखागारातल्या रुमालांमध्ये आहे आणि त्याचा फार थोडा भाग छापला गेला आहे. तहाचे मसुदे शोधणारे अभ्यासक हे कागद बाजूला सारत आले. तुम्ही तेच आधी मागा. एखाद्या वकिलाचा शिधा अचानक निम्मा झालेला दिसला, तर त्या महिन्याची पत्रे काढून शेजारी ठेवा आणि त्याला निरोप कधी मिळाला ती तारीख शोधा.